माग थांबला की उठायचं

"पोरगं ऐकतच नाही वो ताई. दहादा सांगतो मी, तेव्हा कुठं उठतंय." (आमच्या बेळगावात बायकाही 'सांगतो'च म्हणतात.) मी पालकांचं समुपदेशन करते; माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांचं पहिलं वाक्य हेच असतं. वडगावची ही आई मात्र लक्षात राहिली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. घरात खालच्या खोलीत दोन पॉवरलूम, वर राहणं. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टची नोकरी. संध्याकाळचा सगळा कारभार हिचा आणि सासूबाईंचा.

"दहादा म्हणजे नक्की किती?" मी विचारलं.

"ते कोण मोजतंय?"

म्हटलं, मोजा. साड्यांचा हिशेब लिहायच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक हाकेला एक रेघ मारा, आणि तो उठला की गोल. आठवड्यानं ती वही घेऊन आली. गोल जवळजवळ रोज सहाव्या-सातव्या रेघेनंतर. विचारलं, "सातव्या वेळी तुम्ही वेगळं काय करता?" ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माग बंद करून वर जातो."

पोरगं ऐकत होतं, पण आईचं नाही, मागाचं. खटखट चालू आहे तोवर आईच्या बोलण्यात काही दम नाही. आवाज थांबला की मोबाईल ठेवून उठायचं. नऊ वर्षांच्या मुलानं काढलेला हा हिशेब चोख होता, यात त्याला दोष कसा देणार?

अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी घरोघरी आई-मुलांच्या अशा चकमकी टिपून 1982 साली सविस्तर मांडल्या. आई शेवटी ओरडते, मूल उठतं, म्हणून ओरडणं आईच्या अंगवळणी पडतं. मूल रडून गोंधळ घालतं, आई माघार घेते, म्हणून गोंधळ मुलाच्या अंगवळणी पडतो. दोघं एकमेकांना शिकवत असतात, आणि दोघांनाही वाटतं समोरचाच हट्टी.

मग आम्ही तालीम केली. मुलगा मी झाले. माझा फोन घेऊन खुर्चीत लोळले. तिनं दारातूनच "अभ्यासाला बस रे!" केलं. मी हलले नाही. म्हटलं, जवळ या, खांद्यावर हात ठेवा, माझं लक्ष आल्यावर बोला, आणि एकच काम सांगा. 'अभ्यास' हे काम नव्हे. 'दप्तरातनं गणिताची वही काढ' हे काम. सांगून झालं की तिथंच उभं राहायचं, पुन्हा बोलायचं नाही. उठला की लगेच, "बरं झालं, एका हाकेत उठलास." एवढंच. 'रोज असं का नाही करत' हे शेपूट जोडायचं नाही. तिनं ते दोनदा जोडलं.

तिची शंका रास्त होती. मजुरी साडीमागं मिळते, माग सारखा बंद ठेवून कसं चालेल? तिचीच वही उघडली. सातव्या रेघेला माग बंद होतच होता. तोच पहिल्या रेघेला करायचा, आणि मधल्या पाच हाका मारायच्याच नाहीत.

पहिले काही दिवस तो जास्तच गोंधळ घालील, जुनी युक्ती चालत नाही म्हटल्यावर जोर लावून बघील, हे मी आधीच सांगितलं होतं. आज्जीला बोलवायचं मात्र विसरले. ती चूक माझी. चौथ्या दिवशी पोरानं असा हंबरडा फोडला की आज्जीनं "लेकरू रडायलंय, दे ते" म्हणून मोबाईल परत हातात दिला. कधी मिळतं, कधी नाही, अशानं हट्ट सगळ्यात पक्का होतो. पुढच्या वेळी आज्जी आल्या त्या तयारीनंच: "आमची पोरं का अशी वाढली?" मी वाद घातला नाही. मोबाईल ठेवायचं काम त्यांच्याकडेच दिलं. साडेसहाला तो त्यांच्या लाकडी पेटीत जाणार, किल्ली त्यांच्या कमरेला. त्यानंतर आज्जींसारखा कडक पहारेकरी मी पाहिलेला नाही.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, ती मला आधी सुचली नव्हती. सगळ्यात जास्त रेघा कन्नडच्या गृहपाठाच्या दिवशी होत्या. आई मराठी शाळेत शिकलेली. कन्नड बोलते झरझर, पण वाचताना अडखळते. पोराला कळत नव्हतं, विचारायला घरात कोणी नव्हतं, मग मोबाईल बरा. हा हट्ट नव्हताच. गल्लीतली एक कॉलेजची मुलगी आता आठवड्यातनं दोनदा येते.

महिन्यानं आई परत आली. विचारलं, कसं चाललंय?

"काल एकदाच सांगितलं. हलला नाही. मी आपली जवळ उभी, तोंड मिटून. दोन मिनिटांनी वर बघून म्हणतंय कसं, 'अगं बोल की कायतरी, सुम्म का उभी हायस?'" (सुम्म म्हणजे गप्प.)

"मग?"

"मग उठला."