सूर खाणीतले, पैसे दुसऱ्यांसाठी

प्रश्न: वेल्समधल्या खाणकामगारांच्या हौशी गायक मंडळांची ध्वनिमुद्रणं ऐकली. संगीत न शिकलेली माणसं चार आवाजांत इतकी सुरेल कशी गातात? आणि कार्यक्रमाचे पैसे दान करायची रीत तिथे कशी पडली?

उत्तर: न शिकलेली नव्हे हो! चांगली शिकलेली, फक्त संगीतशाळेत नव्हे, तर चॅपलमध्ये, म्हणजे गावातल्या छोट्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात. काही वर्षांपूर्वी दक्षिण वेल्समधल्या एका गावात मला अशा मंडळाच्या तालमीला बसायला मिळालं. शेजारच्या आजोबांनी आपला पिवळा पडलेला कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर पाच रेघा नव्हत्याच. डो, रे, मी यांची नुसती आद्याक्षरं, मध्ये आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं म्हणजे मात्रा, आणि सूर लांबवायचा तिथे आडवी रेघ. पट्टी बदलली तरी डो तो डोच, जसा आपला सा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ही टॉनिक सोल-फा पद्धत एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी रुजवली. छापखान्यातल्या साध्या अक्षरांच्या खिळ्यांनी छापता येई, म्हणून स्वस्त. ती रविवारच्या शाळांतून घरोघरी पोचली. दक्षिण वेल्समधल्या ट्रिऑर्की गावाचे तरुण १८८३ मध्ये एका स्पर्धेत एक पौंडाचं बक्षीस जिंकले आणि त्यातून उभं राहिलेलं मंडळ १८९५ मध्ये विंडसरला व्हिक्टोरिया राणीसमोर गायलं.

आता दानाचं. खाणीत कधी काय होईल याचा नेम नसे. आज शेजाऱ्याच्या घरावर संकट, उद्या आपल्या. त्यामुळे गावातल्या अडल्यानडल्यांसाठी कार्यक्रम करणं ही उपकाराची गोष्ट नव्हतीच.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते अनिसोवेन मंडळ. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, सव्वानऊच्या सुमारास, ॲबरव्हॅन गावावरचा खाणीच्या मातीदगडांचा सात नंबरचा ढीग घसरला आणि पँटग्लास शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यांतली ११६ मुलं. लोकांनी मदतनिधीत सुमारे साडेसतरा लाख पौंड ओतले. त्यातलेच दीड लाख १९६८ मध्ये उरलेले ढीग हटवण्यासाठी घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं. हे लिहितानाही संताप होतो.

त्या गावातली पुरुष मंडळी, कुणी मूल गमावलेला बाप, कुणी हातांनी चिखल उपसलेला, दुर्घटनेनंतर एकत्र येऊन गाऊ लागली. तेच हे अनिसोवेन मंडळ. जगानं आपल्याला दिलं, आपणही द्यावं, म्हणून ती धर्मादाय कामांसाठी गात राहिली.

मी बसले होते ते मंडळ वेगळं. पण तालीम संपल्यावर तिथेही पहिली चर्चा हीच होती, की पुढच्या शनिवारची तिकिटं कुणाच्या मदतीसाठी विकायची.