बावीस बोअर सेमी-ऑटोला कुठला राउंड घालावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची परदेशी बनावटीची .२२ सेमी-ऑटो रायफल रीतसर तुमच्या परवान्यावर आली आहे. कंजूषपणा नको म्हणून तुम्ही तिला महागातली मॅच डबी, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या राउंडची (काडतुसांची) डबी आणली, आणि आता रायफल दर मॅगझिनला दोन-तीनदा अडकते. डीलर म्हणतो रायफल म्हातारी झाली, मित्र म्हणतो स्वस्तातला देशी राउंड घाल. शिवाय कपाटात वडिलांच्या वेळची काही काडतुसं पडून आहेत, ती चालतील का हेही विचारलंय.

माझ्या मते डीलरही चुकतोय आणि मित्रही. रायफल बहुतेक ठणठणीत आहे, राउंड तिच्या जातीचा नाही एवढंच.

महागडी मॅच डबी ज्यांच्यासाठी बनते, ते लोक प्रत्येक राउंड हाताने बोल्ट (नळीमागचा सरकता दट्ट्या) सरकवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी राउंड राहतो त्या जागेत, बसवतात. आपण सोलापूरकर, तेव्हा कोल्हापूरचीच उदाहरणं घ्या. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. या प्रकारातल्या रायफली बोल्ट-अ‍ॅक्शन. तिथे राउंडने एकच काम करायचं, दर वेळी त्याच छिद्रात जायचं. पुढचा राउंड आत ढकलायची जबाबदारी त्याच्यावर नसते. तुमच्या रायफलीत मात्र गोळी गेल्यावर उरलेली सगळी हमाली त्याच राउंडच्या जोरावर होते.

ती कशी, हे नीट समजून घ्या, म्हणजे डबी निवडताना कुणाला विचारावं लागणार नाही. बावीस बोअरच्या जवळजवळ सगळ्या सेमी-ऑटो ब्लोबॅक असतात. म्हणजे बोल्ट कुठेही कुलूपबंद नसतो. तो फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने चेंबरला टेकून असतो. बार उडाला की खोका (राउंडचं पितळी कवच) मागे ढकलला जातो, खोका बोल्टला ढकलतो. बोल्टने मागे जाता जाता खोका बाहेर फेकायचा, हॅमर चढवायचा, स्प्रिंग दाबायची, आणि परत येताना मॅगझिनमधला पुढचा राउंड उचलून आत घालायचा. सोलापूरकराला हे यंत्रमागाच्या धोट्यासारखं आहे म्हटलं की पुरे. फटका कमी पडला तर धोटा पलीकडच्या पेटीत पोचत नाही आणि मध्येच अडकतो. जास्त पडला तर आपटून परत येतो.

आता आकडे. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. स्टँडर्ड व्हेलॉसिटी राउंड सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर वेगाने निघतो, आणि बहुतेक मॅच डब्या याच गटातल्या. हाय व्हेलॉसिटी राउंड ३७० ते ३९० मीटरने जातो. वेगातला फरक १५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण बोल्टला मिळणारी ऊर्जा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. बहुतेक सेमी-ऑटो रायफलींची स्प्रिंग आणि बोल्टचं वजन याच हिशेबाने ठेवलेलं असतं. म्हणून मॅच राउंडवर बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरतो, रिकामा खोका बाहेर पडायच्या खिडकीतच उभा अडकतो, नाहीतर पुढचा राउंड उचललाच जात नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना. हे रायफलीचं झालं. २५ मीटर पिस्टलवाल्यांचं गणित वेगळं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये ज्या प्रकारात सुवर्ण घेतलं, ती २५ मीटरची पिस्तुलंही बावीसचीच आणि सेमी-ऑटोच असतात, पण स्पर्धेची पिस्तुलं मुळातच स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी हलक्या स्प्रिंगची असतात. त्यात जोरकस राउंड घातला तर पिस्तूल मार खातं. तेव्हा रायफलीचा सल्ला उचलून पिस्तुलाला लावू नका.

दुसरी गोष्ट गोळीच्या तोंडाची. बावीसची गोळी मऊ शिशाची, आणि सेमी-ऑटोत ती मॅगझिनमधून उसळून तिरकी चढते, रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) घासते, मग चेंबरमध्ये शिरते. नुसत्या शिशाची मेण लावलेली गोळी तिथे चिकटते, आणि सपाट तोंडाची असेल तर कडेला अडते. काही उंची मॅच राउंडचं तोंड मुद्दाम चपटं ठेवलेलं असतं. बोल्ट-अ‍ॅक्शनला त्याने फरक पडत नाही, तुम्हाला पडतो. एलीसारखी कंपनी टेनेक्स या आपल्या मॅच राउंडचा पिस्टलसाठी वेगळा, गोल तोंडाचा प्रकार काढते तो याचसाठी. त्यामुळे तांब्याचा मुलामा असलेली, गोल तोंडाची, ४० ग्रेनची, हाय व्हेलॉसिटी ही चार विशेषणं डबीवर शोधा. सीसीआय मिनी-मॅग किंवा अ‍ॅग्विला सुपर एक्स्ट्रा मिळाली तर दोन्ही या वर्णनात बसतात. दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी हरकत नाही, वर्णन जुळलं पाहिजे. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाचा, नको. आणि 'हायपर', म्हणजे हाय व्हेलॉसिटीहूनही वेगवान, प्रकारही नको. सीसीआयच्या स्टिंगरसारख्या राउंडचा खोका नेहमीपेक्षा लांब असतो, तो घट्ट मॅच चेंबरमध्ये घालणं धोक्याचं आहे, आणि जुन्या रायफलीचं चेंबर कसलं कापलंय हे बाहेरून कळत नाही.

पण नवी डबी आणायच्या आधी आधीच्या अडकण्याचं निदान करा. अमेरिकेतले लोक दहा प्रकारच्या डब्या आणून ठो-ठो वाजवून बघतात, आपल्याकडे परवान्यावर राउंडची संख्या लिहिलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. आपल्याला डोकं लावूनच राउंड वाचवावा लागतो.

पुढच्या वेळी रेंजवर अडकलं की रायफल झटकू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा. चाप ओढूनही बार झाला नसेल तर तशीच निदान ३० सेकंद थांबा, कारण राउंड उशिरा पेटू शकतो. आवाज फुसका आला असेल तर पुढचा राउंड अजिबात मारू नका. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. गोळी नळीतच अडकली असेल तर त्यावर दुसरी मारणं म्हणजे नळी फुगवून घेणं.

मग अडकलेला राउंड हातात घेऊन उजेडात धरा. बावीसमध्ये मधे टोपी नसते, पेटणारा मसाला खोक्याच्या कडेच्या घडीत आतून फिरवलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडाच चेपते. पेटला नाही तो राउंड बघा. खाच खोल, स्वच्छ असेल तर पिन आपलं काम करतेय आणि कडेच्या त्या भागात मसालाच पोचलेला नाही. असा राउंड अर्धा फिरवून परत घातला की बहुधा वाजतो. तसं झालं तर दोष राउंडचा. खाच उथळ असेल तर आधी साफसफाई करा. बोल्टमध्ये तेल-धुळीचा चिकट थर साचलेला असतो, किंवा चेंबरच्या तोंडाशी मेण आणि काजळी यांचं कडं बसलेलं असतं. त्या कड्यामुळे राउंड केसभर बाहेर राहतो आणि पिनचा पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो. याची ओळख सोपी आहे: न फिरवता, त्याच जागी दुसरा फटका बसला की राउंड वाजतो. डीलर ज्याला म्हातारपण म्हणतो, ते निम्म्या वेळा हे कडं असतं.

राउंड पेटला पण पुढचा चढला नाही, अशा वेळी गोळीचं तोंड बघा. तोंडावर चंद्रकोरीसारखा कापलेला व्रण, गोळी खोक्यात वाकलेली, हे सगळ्या डब्यांत सारखंच दिसत असेल तर मॅगझिनचे ओठ (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत किंवा मॅगझिन पूर्ण वर बसत नाही. राउंड बदलून हे जाणार नाही. मॅगझिन गनस्मिथकडे न्या, पक्कड घेऊन स्वतः ओठ वाकवू नका. मॅच डबीतच दिसत असेल तर वर सांगितलेलं चपट्या तोंडाचं आणि चिकट मेणाचं कारण.

आपल्या हवेचंही बघायला हवं. मे महिन्यात सोलापूर ४२ अंशांच्या वर जातं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीतलं मेण पाघळतं, त्यावर होटगी रोडची काळी धूळ बसली की चेंबरला सँडपेपर लावल्यासारखंच. डबी गाडीत ठेवू नका. घरी कुलूपबंद, कोरड्या, सावलीतल्या कपाटात ठेवा. काडतुसाला तेल तर मुळीच लावू नका, तेल मसाल्यापर्यंत झिरपलं की राउंड मरतो. आणि बोल्टमध्ये तेल घालायचं ते पुसून पुसून, थेंबभर. इथल्या फुफाट्यात जास्त तेल म्हणजे धूळ धरायचा सापळा. जाता जाता एक गंमत सांगतो, ४२ अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३५६ मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे तुमचा स्टँडर्ड राउंड उन्हाळ्यात तर गुपचूप जातो आणि हाय व्हेलॉसिटी मात्र कडाका काढतो. आवाज मोठा झाला म्हणून घाबरू नका.

खरेदी अशी करा. वर्णनात बसणाऱ्या दोन प्रकारांची ५०-५० ची एकेक डबी घ्या. सोलापुरात एका वेळी दोन प्रकार मिळतीलच असं नाही, पुण्याला जायचं ठरलं तर मूळ परवाना सोबत हवा आणि त्यावरचं बोअर, संख्या, वैधता आधी वाचून घ्या. साफ केलेल्या रायफलीतून दोन्ही डब्या एकाच मॅगझिनने, एकाच दिवशी मारा आणि कुठला राउंड कसा अडकला ते कागदावर लिहा. जी डबी बिनबोभाट गेली, तिचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटच्या परवान्यात बसतील तेवढ्या डब्या घ्या. बावीसमध्ये लॉट बदलला की वागणूक बदलते. पन्नासात एखादा राउंड अडकला तर रिमफायरमध्ये (कडा चेपून पेटणाऱ्या राउंडमध्ये) ते चालायचंच, तेवढ्यावरून डबी बाद करू नका. तुमच्या मित्राने सांगितलेला देशी राउंडही वर्णनात बसत असेल तर दुसरी डबी म्हणून जरूर घ्या, माझा त्याला विरोध नाही. स्वस्त आहे म्हणून घेण्याला आहे.

चाचणी परवानगी असलेल्या रेंजवरच. शेतात बांधावर बाटल्या ठेवून नाही. बावीसची गोळी दीड किलोमीटर किंवा त्याहून जास्त जाऊ शकते, आणि आपल्याकडे नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. तिकडच्या माळावर बंदूक घेऊन दिसलात तर काडतुसाचा प्रकार कुणी विचारणार नाही.

राहिली वडिलांची काडतुसं. खोक्यावर हिरवा गंज, पांढरी बुरशीसारखी पूड, किंवा गोळी बोटाने फिरत असेल तर ती मारू नका. वरून चकचकीत दिसली तरी किती उन्हाळे कुठे काढलेत ते माहीत नाही, म्हणून निदानासाठी त्यांचा उपयोग शून्य. मसाला निकामी आहे की रायफल, हेच कळणार नाही. विहिरीत किंवा कचऱ्यात टाकायची नाहीत. ती तुमच्या परवान्यावर नोंदलेली आहेत का ते आधी बघा. नसतील तर थेट परवाना शाखेत लेखी अर्ज देऊन ती कुठे जमा करायची ते विचारा, तशी जमा करा आणि पोच घ्या. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी कार्यालय.

न पेटलेल्या दोन-तीन राउंडच्या कडेचा जवळून फोटो आणि रायफलीचं मॉडेल टाका. पिनची खाच दिसली की चेंबर साफ करायचं की स्प्रिंग बदलायची ते सांगता येईल.