सगळं उत्तम करायची धडपड हा ख्रिस्ती माणसाचा गर्व ठरतो का?

नाही ठरत. तुम्ही लिहिलंय की ऑफिसात काम चोख व्हावं, मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलंही नीट व्हावं असा आग्रह धरलात की तरुण संघातले मित्र म्हणतात, "तारण कृपेनं झालंय, मग एवढी ओढाताण कशाला? देव हृदय पाहतो." या शेवटच्या वाक्याशी माझं जुनं वैर आहे, म्हणून लिहायला बसलो.

बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी वचनं आपल्यात सगळ्यांना पाठ असतात: तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं, कर्मांनी नाही. दहाव्यात प्रेषित पौल सांगतो की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात निर्माण केलंय. तिथवर पोचायच्या आत शास्त्र मिटलेलं असतं. आणि प्रेषित पेत्र आपल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच विश्वासात सद्गुणाची, ज्ञानाची, संयमाची भर घालायला कसून प्रयत्न करा म्हणतो. तो गर्विष्ठ होता काय?

आता माझं. मी सहकारी बँकेत कॅशिअर होतो. आमच्या मंडळीचे खजिनदार म्हणजे माझे मामेसासरे. कापणीच्या सणाला आमच्याकडे मोठा लिलाव होतो. भोपळा, गावरान कोंबडी, ज्वारीचं पोतं, कुणाच्या पहिल्या शेळीचं करडू. उत्साहात चौपट बोली लागते आणि मग "पगार झाल्यावर देतो, मामा." मामा खिशातल्या डायरीत लिहीत, निम्मं डोक्यात ठेवत. पैसे घरच्या कपाटात. वार्षिक सभेत मी उभा राहिलो नि म्हणालो, बोली तिथल्या तिथं दोघांनी लिहावी, पैसे दोघांनी मोजावे, कार्बनची पावती द्यावी, बाकीदारांची यादी फलकावर लावावी. मामा हसून म्हणाले, "जावईबापू, परमेश्वर हृदय पाहतो. तुम्ही पावती पाहता." सगळी सभा हसली. पाळकसाहेबसुद्धा. विषय तिथंच संपला.

(शमुवेलाच्या पुस्तकातलं ते हृदय पाहण्याचं वचन दाविदाचा बाप इशाय याच्या थोरल्या मुलाच्या उंचीबद्दल आहे. हिशेबाबद्दल नाही. पण सभेत हे सुचत नाही, घरी आल्यावर सुचतं.)

पुढं मामांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. डायरी उघडली तर नुसती आद्याक्षरं, गोल आणि फुल्या. छपराच्या पत्र्यांसाठी जमवलेली रक्कम जुळेना. ज्यांची बाकी होती तेही छातीठोकपणे सांगू लागले की दिले, आणि कुणास ठाऊक, काहींनी दिलेही असतील. मग कुजबुज. मामांनी एक रुपया खाल्ला नाही हे मी शास्त्रावर हात ठेवून सांगेन, पण ते दाखवायला कागद नव्हता. शेवटी मामींनी पाटल्या मोडून खड्डा भरला. हृदय पाहणाऱ्या मंडळीतल्या एकानंही त्यांना अडवलं नाही.

माझे मेहुणे आजही म्हणतात, "तुम्ही भर सभेत मामांवर अविश्वास दाखवलात." मी म्हणतो, करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमते आहे. पौल ती एकट्याच्या हाती ठेवत नाही. तीत नावाचा त्याचा सोबती बरोबर, शिवाय आणखी दोन भाऊ, त्यातला एक तर मंडळ्यांनी नेमलेला. का, तर या दानाबद्दल कुणी दोष ठेवू नये. प्रभूच्याच नव्हे, माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं ते करायचं. पौलाचा पौलावर अविश्वास होता असं म्हणायचं का?

आपल्याकडं ढिसाळपणाला नम्रता म्हणायची खोड आहे. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण साध्या बायकांना कळेल असं मराठी शास्त्र त्यांना हवं होतं. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते पुरं छापून निघालं, आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. "देव हृदय पाहतो, थोड्या चुका चालतील" असं म्हणून त्यांना आधीच थांबता आलं असतं की.

आता दोन गोष्टी राहिल्या. शेजारच्या टेबलावरच्याला कमी लेखण्यासाठी काम चोख करत असाल, तर तुमचे मित्र बरोबर आहेत. आणि घरी आजारी माणसाचं सगळं उरकून जी बाई उपासनेला उशिरा पोचते तिला कुणी उत्तमतेचा संदेश देऊ नये. मी बोलतोय ते ज्यांच्या हातात दुसऱ्याचा पैसा, किल्ल्या किंवा लेकरं आहेत त्यांच्याबद्दल.

चारित्र्य देव घडवतो की आपण, हेही तुम्ही विचारलंय. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल दोन्ही एकाच दमात सांगतो, तुम्ही झटा आणि तुमच्यात करणारा देवच आहे. त्याची फोड पाळकांकडून करून घ्या, माझा तो घास नाही.

मेहुणे हे वाचतात हे मला माहीत आहे. भावजी, पावतीपुस्तकं छापून आली आहेत. सणाला पैसे मोजायला माझ्याजोडीला दुसरा माणूस हवाय, आणि पंचांना मी तुमचं नाव दिलंय.