चाक नसलेली पाणचक्की ओळखावी कशी?

प्रश्न : युरोपातील जुन्या दगडी शेतघरांविषयी वाचताना ‘ही मुळात पाणचक्की होती’ असा उल्लेख वारंवार आढळतो, छायाचित्रात मात्र चाक दिसत नाही, किंवा दिसते ते अगदी नवेकोरे. मग केवळ बांधकामावरून हे कसे ठरवतात? आणि घर व चक्की एकाच छपराखाली का असत?

उत्तर : चाक हा यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे. सतत भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या लाकडी चाकाचे आयुष्य काही दशकांचेच असते, त्यामुळे आज भिंतीला लागून दिसणारे चाक पुष्कळदा शोभेसाठी नंतर बसवलेले असते. खरी साक्ष भिंत देते. घर अनघड दगडांचे असले तरी चाकाकडची भिंत अधिक जाड आणि पाणी उडते तेथवर घडीव चिऱ्यांची असू शकते. आस आत घेण्यासाठी ठेवलेले भोक पुढे बुजवले, तरी त्याची कड सहसा लपत नाही. आणि चाक कधी कलून भिंतीला घासले असेल, तर चिऱ्यांवर गोलाईचे ओरखडे राहतात, ज्यांवरून त्याचा व्यासही काढता येतो.

त्यानंतर घरामागच्या उताराकडे पाहावे. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने 1759 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवले, की वरून पडणाऱ्या पाण्याच्या वजनावर फिरणारे चाक खालून वाहणाऱ्या प्रवाहाच्या धक्क्यावर फिरणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देते. अर्थात जाणत्या गवंड्यांना हे आधीपासून ठाऊक असावे, कारण जेथे उतार होता तेथे नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून डोंगरकडेने लांबून पाट आणलेला आढळतो. आज तो कोरडा चर म्हणून उरलेला असतो आणि इमारत उतारात रुतवल्यासारखी का बांधली आहे, हे त्यावरूनच उलगडते.

आतली रचना मला सर्वांत बुद्धीची वाटते. अनेक चक्क्यांत जात्यांचे दगड आणि दंतचक्रे भिंतींवर न टेकवता जाडजूड लाकडांच्या स्वतंत्र चौकटीवर उभी केलेली असत, कारण फिरत्या दगडांची सततची थरथर चुन्याचे सांधे सैल करते. यंत्रे गेली तरी कोणत्याही छताला आधार न देणारे भक्कम खांब किंवा त्यांच्या खाचा मागे राहतात. धान्य वरच्या माळ्यावर, जाती मधल्या मजल्यावर आणि पीठ खाली, असा क्रम असल्याने मजल्यांतून आरपार जाणारी भोकेही तुळयांमध्ये शोधावीत. टाकी लावून लावून पातळ झालेला जात्याचा दगड तर अंगणातल्या फरसबंदीत किंवा उंबऱ्यापाशी सापडतो.

घर जोडून असण्याचे कारण व्यवहारी आहे. दळण पाण्याच्या उपलब्धतेवर चाले, म्हणून चक्कीवाला बहुधा शेतीही करी आणि चाकाकडे पाणी सोडणारी-अडवणारी झडप सांभाळण्यासाठी जवळच राही. दोन भागांच्या मध्ये चिरे एकमेकांत न गुंफलेला उभा सरळ सांधा दिसला, तर ते वेगवेगळ्या काळी बांधले गेले असे समजावे.

या खुणा उभ्या चाकाच्या आहेत. आडव्या चाकाच्या छोट्या चक्कीत चाक जमिनीखालीच फिरते, वरचा दगड थेट त्याच्याच दांड्यावर बसतो आणि दंतचक्रे लागतच नाहीत. तेथे भिंत काहीच सांगत नाही, जोत्याखालची पाणी बाहेर सोडणारी कमान तेवढी पाहावी.