समाज पुढे जातो तो लोकांच्या विवेकाने की सज्जन नेत्याने?

दोन्हींतलं एकच निवडा, असं तुम्ही म्हणताय. मी डिचोलीचा निवृत्त मास्तर, तेव्हा उत्तर गोव्याकडे वळणारच.

आमच्या शेजारच्या वाड्यावर एक पंच होते. परक्याच्या पैशाला न शिवणारे. धडपड करून त्यांनी शेतातून वाड्यापर्यंत रस्ता आणला. मोरी मात्र एकच घातली, तीही अरुंद. मिरगाचं पाणी तुंबलं आणि वरच्या अंगाची शेतं तीन वर्षं पडीक राहिली. पाण्याची वाट तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होती. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ग्रामसभेत तेही गप्प. एवढा देवमाणूस, त्याला अडवायचं कसं? लबाडाकडे निदान लोक हिशेब तरी मागतात.

आता १९६७ चा जनमत कौल बघा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी, त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष त्याच मुद्द्यावर सत्तेत आलेला. खुर्चीवर बसून कौल घेतला तर तो निःपक्षपाती कसा, असं विरोधकांचं म्हणणं. डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारीला मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. आमचं घर फुलवाल्यांचं. मी तेव्हा लहान, पण त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही हे आठवतं. आणि दोनच महिन्यांनी निवडणुकीत मगो पुन्हा जिंकला, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री! जागांचं गणित असेल त्यात थोडं. तरी माणूस हवा, पण त्याचा हा मुद्दा नको, असं ठरवणारेही मतदार होतेच.

हा विवेक कुठून आला? थोडा मूळचा असणारच. पण भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर जगणाऱ्या कुळाला विचार सुचत नव्हते असं नाही, बोलायची सोय नव्हती. १९६४ चा कूळ कायदा आणि गावोगाव उघडलेल्या मराठी शाळा या भाऊसाहेबांच्या राजवटीतल्या. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदा नंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातला. म्हणून निवडायचाच तर मी असा नेता निवडेन, जो आपल्याला 'नाही' म्हणता येईल एवढं बळ लोकांच्या पायांत आणतो. नुसता सज्जन मला पुरत नाही.

त्या वाड्यावरची दुसरी मोरी पंच तेच असताना झाली. एका मुंडकाराची सून ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, "पंचबाब, रस्ता झाला ते बरं झालं, पण पाणी रस्त्यावर चढून जाणार का?" सभा हसली, पंचही हसले. पुढच्या मिरगाआधी काम झालं.