लेमुरिया म्हणजेच गोंडवन का?

एका वाचकाचा प्रश्न असा : 'लेमुरिया हे गोंडवनलँडचेच जुने नाव', असे एका व्हिडिओत ऐकले. हे शब्द समानार्थी मानावेत का? आणि मराठीत गोंडवन लिहावे, गोंडवाना की गोंडवनलँड?

समानार्थी अजिबात मानू नयेत. लेमुरिया हा कल्पनेतला बुडालेला खंड, तर गोंडवन हे एके काळचे खरे महाखंड. मात्र हा घोळ झाला कसा, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण एके काळी हे दोन शब्द खरोखरच एकमेकांच्या बरेच जवळ होते.

'लेमुरिया' हा शब्द फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली घडवला. लेमूर हे माकडांच्या गणातले प्राणी, मुख्यतः मादागास्करचे. पण त्यांचे दूरचे नातलग आफ्रिकेत आहेत आणि आपल्या दक्षिण भारतातही, लोरिस या छोट्या प्राण्याच्या रूपाने. मधे एवढा समुद्र असताना हे कसे? तिथे पूर्वी जमीन असावी आणि ती पुढे बुडाली असावी, असे त्याने मांडले. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा रूढ नव्हती, त्यामुळे बुडालेल्या भूमीचा तर्क शास्त्रज्ञांना रास्तच वाटे. 'लेमूर' हे नाव लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने लॅटिन 'लेमुरेस'वरून घेतले होते. लेमुरेस म्हणजे रोमन लोकांची भुतेखेते. हे प्राणी मुख्यतः रात्री हिंडतात, असे त्याने म्हटले होते, म्हणून ते नाव.

'गोंडवन'ची कुळी निराळी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉटने १८७२मध्ये मध्य भारतातल्या काही खडकांना गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव दिले. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा याच गोंडवनी खडकांतला. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म सापडतात, आणि तेच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका इथेही सापडले. १८८५मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने भारत, मादागास्कर आणि आफ्रिका यांना जोडणाऱ्या प्राचीन भूमीला 'गोंडवाना-लँड' म्हटले. पण त्याच्याही मते तिचे मधले भाग समुद्रात खचले होते. म्हणजे त्या काळापुरते पाहिले, तर झ्यूसचे गोंडवन आणि स्क्लेटरचा लेमुरिया ही दोन्ही बुडालेल्या जमिनीचीच नावे होती.

पुढे वाटा फुटल्या. १९१२पासून आल्फ्रेड वेगेनर हा जर्मन शास्त्रज्ञ सांगू लागला की खंड बुडत नाहीत, सरकतात. खंडांचे ग्रॅनिटी कवच हलके आणि सागरतळाचा बेसाल्ट जड, त्यामुळे पाण्यावरच्या ओंडक्यासारखे खंड वरच राहतात. दक्षिण आफ्रिकेच्या दू टॉइट या भूशास्त्रज्ञाने १९३७मध्ये गोंडवनाचे तुकडे या नव्या विचाराने जुळवून दाखवले, आणि १९६०च्या दशकात भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सिद्धांताने वाद मिटला. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. आज गोंडवन म्हणजे फुटलेले महाखंड. त्याचे तुकडे बुडालेले नाहीत. आपण त्यांतल्याच एकावर राहतो. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले म्हटल्यावर मधल्या बुडालेल्या जमिनीची गरजच उरली नाही. लेमुरिया शास्त्रातून गेला तो असा.

पण तोवर तो दुसरीकडे रुजला होता. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने तिथे मानवजातीचे मूळ कल्पिले. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८८८मध्ये तिथे एक आदिम मानववंशच वसवला. तमिळ विद्वानांनी आपल्या जुन्या ग्रंथांतल्या, समुद्राने गिळलेल्या भूमीशी लेमुरियाची सांगड घातली आणि 'कुमरी कंडम्'ची कल्पना आकाराला आली. त्या ग्रंथांमागे किनारा बुडाल्याची जुनी आठवण असणे शक्य आहे. हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्रपातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. नंतर पाणी चढले आणि किनाऱ्याची जमीन गेली. पण किनारपट्टी जाणे वेगळे आणि खंड बुडणे वेगळे. हा फरक पुसला, की एका समृद्ध साहित्यपरंपरेवर विनाकारण भूशास्त्राचे ओझे पडते, याचे मला वाईट वाटते.

मॉरिशसच्या तरुण ज्वालामुखी खडकांत ३ अब्ज वर्षांपर्यंतचे झिरकॉन या खनिजाचे कण सापडले, तेव्हा 'लेमुरिया सापडला' अशी हाकाटी झाली. बेटाखाली खंडाचा प्राचीन तुकडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. खंड फुटताना ताणून पातळ झालेला आणि लाव्ह्याखाली गाडला गेलेला हा तुकडा आहे. त्याला 'मॉरिशिया' असे स्वतंत्र नाव आहे, तेच वापरावे.

आता लेखनाचे. भूशास्त्रात 'गोंडवनी खडक' आणि महाखंडासाठी 'गोंडवन' किंवा 'गोंडवनभूमी' हे शब्द रुळलेले आहेत, तेच लिहावेत. 'गोंडवन'मध्येच गोंडांच्या प्रदेशाचा अर्थ आलेला असताना त्याला 'लँड' जोडणे म्हणजे द्विरुक्ती, अशी हरकत भूशास्त्रज्ञही घेतात आणि मला ती पटते. त्याच न्यायाने 'भूमी'ही जास्तीचे ठरते, पण गोंडांचा प्रदेश आणि महाखंड यांत गल्लत होऊ नये म्हणून मी ते चालवून घेतो. 'गोंडवाना' मात्र चुकीचे समजू नका. ते त्या प्रदेशाचे आणि तिथल्या लोकांच्या अस्मितेचे चालते नाव आहे. गडचिरोलीचे विद्यापीठही 'गोंडवाना विद्यापीठ'च आहे. तिथे शुद्धीकरणाच्या नावाखाली 'गोंडवन' करू नये.