एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ: मधला दिवस आणि बाकी सगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून मुलाकडे फ्लोरिडाला आला आहात. तो फोर्ट लॉडरडेलहून सात रात्रींची पूर्व कॅरिबियन क्रूझ बुक करतोय. ती संपली की तो आणि सून उतरतील आणि तुम्ही दोघं त्याच जहाजावर राहून पुढची सात रात्रींची पश्चिम कॅरिबियन क्रूझ कराल. मधल्या दिवशी खाली उतरावं लागतं का, सामानाचं काय करायचं आणि इतके दिवस त्याच जहाजावर कंटाळा येईल का, हे तुम्हाला हवंय. आम्ही दोघं निवृत्तीनंतर अशा जोडून क्रूझ बऱ्याचदा करतो, बहुतेक फ्लोरिडाहूनच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जहाज तेच आणि खोलीही तीच असली, तरी कंपनीच्या आणि अमेरिकी सरकारच्या लेखी या दोन स्वतंत्र सफरी आहेत. हे एकदा पक्कं ध्यानात ठेवलंत की बाकीचं आपोआप कळत जातं. बुकिंग नंबर दोन, पैसे भरायच्या शेवटच्या तारखा दोन, ऑनलाइन चेक-इन दोनदा, खर्चाचे हिशेब दोन आणि सेफ्टी ड्रिलही (संकटात कुठे जमायचं, काय करायचं याचा सराव) दोनदा.

आधी खोलीचं बघा. दोन्ही आठवडे एकच केबिन मिळाली तर निम्मी कटकट संपते, त्यामुळे बुकिंग करतानाच तोच केबिन नंबर दोन्हीकडे मोकळा आहे का हे तपासायला मुलाला सांगा, आणि दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्यायला सांगा. आत्ताच करा, कारण जहाज भरत आलं की हे जमत नाही. वेगळी केबिन मिळालीच तरी घाबरायचं कारण नाही. हँगरवरचे कपडे तुमचा स्टुअर्ड, म्हणजे खोली आवरणारा कर्मचारी, तसेच उचलून नव्या खोलीत नेऊन लावतो. बाकीचं सामान बॅगांमध्ये भरून ठेवायचं. तिजोरी मात्र स्वतः रिकामी करायची. औषधं, पासपोर्ट आणि दागिने त्या दिवशी खांद्यावरच्या पिशवीत.

आता कागदपत्रं, कारण आपल्याकडच्या लोकांची खरी अडचण इथे होते. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण कॅरिबियनहून परत येणं म्हणजे अमेरिकेत नव्याने प्रवेश, आणि तुमच्या बाबतीत तो दोनदा होणार. परतल्यावर मुक्कामाला नवे सहा महिने मिळतील असं मात्र धरून चालू नका. शेजारच्या बेटांवर तीस दिवसांपेक्षा कमी काळ जाऊन आलं, तर पहिल्या प्रवेशाच्या वेळची उरलेली मुदतच सहसा पुढे चालते. तेव्हा आय-९४ वरची (अमेरिकेत राहायच्या मुदतीच्या सरकारी नोंदीवरची) तारीख बघूनच परतीचं विमान ठरवा. मुलगा-सून एच-वन-बीवर असतील तर त्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू मुदतीचा असायला हवा. फक्त मंजुरीच्या कागदावर कॅरिबियनहून परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या भेटीसाठी जी सवलत असते, ती या बेटांसाठी कामगार-व्हिसावाल्यांना लागू नाही. बंदरांचं म्हणाल, तर चालू अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आणि जमैका भारतीयांकडे व्हिसा मागत नाही. बाकीच्या बंदरांची यादी काढून, भारतीय पासपोर्ट आहे असं स्पष्ट लिहून, क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. कागद अपुरे असतील तर पहिल्याच दिवशी जहाजावर चढू देत नाहीत.

एक कायदाही माहीत असू द्या. तुमची क्रूझ दोन्ही वेळा एकाच बंदरातून निघून तिथेच परत येते, म्हणून तुम्हाला त्याचा त्रास नाही, पण पुढे अलास्काचा बेत केलात तर उपयोगी पडेल. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही; मध्ये दूरचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं, आणि कॅनडा-मेक्सिको त्यात धरत नाहीत. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाचीच असतात. त्यामुळे कॅनडातलं व्हँकूव्हर ते अलास्कातलं व्हिटियर आणि मग व्हिटियर ते व्हँकूव्हर ही जोडी चालते, पण लॉस एंजेलिस ते व्हँकूव्हर आणि लगेच त्याच जहाजाने व्हँकूव्हर ते व्हिटियर ही चालत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तो लॉस एंजेलिस ते व्हिटियर असा एकच प्रवास ठरतो. दोन्ही तिकिटं सुटी सुटी नियमात बसतात म्हणून बुकिंग होऊन जातं आणि चूक नंतर लक्षात येते.

मधल्या दिवसाबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दिसते. मला तो दिवस अतिशय आवडतो.

आदल्या एक-दोन दिवसांत खोलीत एक पत्र येतं: उद्या पुढे जाणाऱ्या प्रवाशांनी अमुक वाजता अमुक लाउंजमध्ये जमावं. त्या रात्री सगळ्यांच्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर जातात. केबिन तीच असेल तर तुमच्या बॅगा बाहेर ठेवू नका. त्या एकदा टर्मिनलवर गेल्या की हजारो बॅगांतून शोधत बसावं लागतं. सकाळी कॉरिडॉरमध्ये चादरी-टॉवेलांचे ढीग लागलेले असतात, लिफ्टसमोर गर्दी असते, नाश्त्याला झुंबड. मुलगा-सून उतरतील तेव्हा त्यांच्याबरोबर खाली जायचा मोह होईल, पण निरोप वरच घ्या आणि सांगितलेल्या लाउंजमध्ये जाऊन बसा. त्यांच्या रांगेतून बाहेर पडलात तर तुम्हाला परत आत येताना नव्या प्रवाशांच्या रांगेत उभं राहावं लागेल.

लाउंजमध्ये तुमच्यासारखे पन्नास असतील नाहीतर तीनशे. जहाजावर पहिल्या सफरीचा एकही प्रवासी उरला नाही, हे अमेरिकी बंदरांत सिद्ध व्हावं लागतं. त्याला ते झिरो काउंट म्हणतात. तो झाल्याशिवाय नवा माणूस चढू शकत नाही. म्हणून सगळे उतरत आले की कर्मचारी तुम्हाला घोळक्याने गँगवेवरून (जहाज आणि धक्का जोडणाऱ्या पुलावरून) खाली नेतात. निघताना पहिल्या सफरीचं जहाजाचं कार्ड (तेच खोलीची किल्ली आणि ओळखपत्र) यंत्रावर टेकवायचं, टर्मिनलमध्ये इमिग्रेशनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि थोडं थांबून परत वर. परदेशी पासपोर्टवाल्यांना कधी कधी बाजूला घेऊन वेगळं बघतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. पासपोर्ट, जुनं कार्ड आणि दुसऱ्या सफरीचं मिळालेलं नवं कार्ड किंवा ट्रान्झिट कार्ड, एवढंच हातात लागतं. कधी अर्ध्या तासात सुटका होते, कधी दोन तास जातात. एखादा प्रवासी केबिनमध्ये झोपून राहिला तर त्याला शोधेपर्यंत सगळे खोळंबतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर आदल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसला व्हीलचेअर सांगून ठेवा. सोबत पाण्याची बाटली आणि पुस्तक असू द्या.

आणि मग वर आलात की जहाज तुमचं असतं. पोहण्याचा तलाव रिकामा, डेकवर कठडे पुसणारे दोन-चार जण, वाऱ्याशिवाय आवाज नाही. काही जहाजांवर अशा प्रवाशांना शांतपणे वेगळं जेवणही देतात. दुपारी नव्या लोकांचा लोंढा आला की हे संपतं, म्हणून तो तास-दीड तास खोलीत घालवू नका. त्या दिवशी फोर्ट लॉडरडेल गावात जायचं असेल तर जाता येतं, मात्र आधी सांगून जा आणि परतताना नवं कार्ड दाखवा. माझं मत विचाराल तर जाऊ नका, जहाजावरच राहा.

जहाज निघण्याआधी सेफ्टी ड्रिल सहसा पुन्हा करावं लागतं. कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या २०१२ च्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. २०१५ पासून जहाज निघण्याआधी किंवा निघताच हे ड्रिल व्हायलाच हवं, आणि कंपन्या सहसा पुढे जाणाऱ्या प्रवाशांनाही त्यातून सूट देत नाहीत. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर माहिती बघून, आपल्या जमण्याच्या जागेवर जाऊन कार्ड दाखवलं की पाच-दहा मिनिटांत होतं.

पैशांचं बघताना लक्षात घ्या की पहिल्या सफरीचा हिशेब त्या सकाळी बंद होतो. कंपनीने किंवा एजंटने दिलेलं खर्चायचं क्रेडिट सहसा पुढच्या सफरीला नेता येत नाही, तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात वापरून टाका. वायफाय आणि पेयांचं पॅकेज त्या सकाळी संपतं, दुसरं वेगळं घ्यावं लागतं. ॲपमध्ये दुसरी सफर दिसू लागली का, वायफाय नव्याने जोडलं गेलं का, आणि नव्या हिशेबाला कुणाचं क्रेडिट कार्ड लावलंय, या तीन गोष्टी मुलगा उतरायच्या आदल्या रात्री त्याच्याकडून करून घ्या. पहिल्या आठवड्यात त्याचं कार्ड लागलेलं असेल, पण दुसऱ्याला तेच आपोआप लागत नाही. टिप म्हणून साधारण १६ ते २० डॉलर दर माणशी दर दिवशी धरा. केबिन मोठी असेल तर जास्त.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चौदा दिवस शाकाहारी राहायचं म्हणजे तोच कळीचा मुद्दा आहे. मुख्य डायनिंग रूमचा मेन्यू सात रात्रींचा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात तोच पहिल्यापासून फिरतो. बुकिंगमध्ये शाकाहारी किंवा जैन अशी नोंद करा, आणि पहिल्याच संध्याकाळी हेड वेटरला भेटा. उद्याच्या जेवणाची मागणी आज दिली, तर डाळ, भाजी, भात, पोळी किंवा पराठा असं मेन्यूबाहेरचं करून देणारी स्वयंपाकघरं बहुतेक मोठ्या जहाजांवर आहेत, कारण खलाशांत आणि आचाऱ्यांत आपली माणसं पुष्कळ. गोव्याचे तारवटी तर पिढ्यान् पिढ्या जहाजांवर आहेत, आणि मुंबई-कोकणातलीही मुलं भेटतात. दुसऱ्या आठवड्यासाठी तेच टेबल आणि तोच वेटर हवा असेल तर पाचव्या-सहाव्या दिवशीच सांगून ठेवा. मात्र त्याचं कंत्राट संपत असेल तर तो नेमका मधल्या दिवशीच घरी जायला उतरतो, म्हणून आधी विचारा. मधला दिवस या मुलांचा सगळ्यात कष्टाचा असतो. त्या दिवशी खोली दुपारपर्यंत आवरली गेली नाही तर तक्रार करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

घरून नेताना किटली आणि इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. बंद पाकिटातला खाकरा, चिवडा चालतो, पण बंदरावर उतरताना पिशवीत काहीही खायचं ठेवू नका, फळ तर नाहीच. कपडे आठवड्याभराचेच न्या. कार्निव्हल आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर स्वतः धुवायची यंत्रं असतात, रॉयल कॅरिबियनवर नसतात. तिथे पिशवीच्या हिशेबाने धुऊन देतात. बाथरूममध्ये शॉवरच्या भिंतीवर एक चकती असते, ती ओढली की बारीक दोरी बाहेर येते आणि समोरच्या खुंटीला अडकते. रात्री बनियन-ओढणी तिच्यावर टाकली की सकाळी वाळलेली असते.

कंटाळ्याचं खरं उत्तर बंदरांवर आणि तुमच्या स्वभावावर आहे. मोठे शो दुसऱ्या आठवड्यात तेच असतात, पाहुणे कलाकार बदलतात. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर बंदरं हिंडा आणि शो निम्मेच बघा. पूर्वेकडच्या वाटेत सान हुआन असेल तर धक्क्यावरून चालत एल मोरो किल्ल्यावर जाता येतं. समुद्रात घुसलेला तो सोळाव्या शतकातला तट, जंजिरा बघून हरखलेल्या माणसाने चुकवू नये असाच आहे. पश्चिमेकडे कोझुमेलला सान हर्वासिओचे माया लोकांचे अवशेष आहेत. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने उतरावं लागतं. पाय लटपटत असतील तर त्या दिवशी वरच बसा. कंपनीच्या खासगी बेटावरचा थांबा दोन्ही आठवड्यांत असतो का हेही बघून घ्या.

तारखा जून ते नोव्हेंबरमधल्या असतील तर तो चक्रीवादळांचा हंगाम. वादळ आलं की कप्तान पूर्वेची वाट सोडून पश्चिमेला वळू शकतो, आणि दोन्ही आठवडे तीच बंदरं बघावी लागू शकतात. त्याची भरपाई सहसा मिळत नाही. विम्याचंही आत्ताच तपासा. अमेरिकेत पाहुण्यांसाठी घेतलेल्या पॉलिसी बऱ्याचदा मुख्यतः अमेरिकेपुरत्याच असतात. समुद्रावर आणि तिसऱ्या देशात ती चालते का, आणि हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर पैसे देते का, हे लेखी विचारा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल तुमच्या खात्यावर लागतं, दावा नंतर करायचा. औषधं आठवडाभर जास्तीची न्या.

याआधी एकही क्रूझ केली नसेल, तर मुलाला दहा-अकरा रात्रींची एकच क्रूझ बघायला सांगा. हॉलंड अमेरिकासारख्या कंपन्या बंदरं फारशी परत येणार नाहीत अशा दोन सफरी जोडून एकच तिकीटही विकतात. पण समुद्राचे मोकळे दिवस तुम्हाला आवडत असतील, डेकवर पुस्तक घेऊन तीन तास सहज जात असतील, तर सात अधिक सातचा बेत बेलाशक करा.

शेवटच्या सकाळी तुम्ही दोघंच असाल. तेव्हा आदल्या रात्री बॅगा नक्की बाहेर ठेवा, उतरायची उशिराची वेळ मागून घ्या आणि मुलाला साडेनऊच्या आधी पोर्ट एव्हरग्लेड्सला, म्हणजे फोर्ट लॉडरडेलच्या बंदरावर, बोलावू नका.